तळं राखणारे आणि पाणी चाखणारे

२०२२ ची दिवाळी. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते आणि मी अजून गावातच होतो. भंडारा जिल्ह्यात पवनीच्या बाजूला आमचं गाव आहे. घरात नेटवर्क धड येत नाही, म्हणून सकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसायची सवय. शेजारी आबाजी. समोर कापणीला आलेला धान. मोबाईल उघडला तर एकच बातमी सगळीकडे: इलॉन मस्कनं ट्विटर घेतलं. मी काहीतरी पुटपुटलो असणार, कारण आबाजींनी विचारलं, "काय झालं?"

"ट्विटर विकलं गेलं, आबाजी."

"कोनाचं होतं?"

"कंपनीचं. म्हणजे शेअर घेतलेल्या पुष्कळ लोकांचं."

"अन् आता?"

"एका माणसाचं."

त्यांनी तलावाकडे बघत विचारलं, "मंग तुमचा निस्तार?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर या सौद्यावर मी जे जे वाचलं, त्यात अग्रलेख होते, धागे होते, दोन जाडजूड पुस्तकं होती आणि शेवटी ट्विटरचा स्वतःचा कोडही होता. त्यातल्या कशातच मला तो प्रश्न सापडला नाही. हा लेख त्या न सापडलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

निस्तार हा शब्द पूर्व विदर्भाबाहेर फारसा कोणाला माहीत नसतो, म्हणून आधी तो सांगतो. आमच्याकडचे तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी ते बांधले. पुढे इंग्रजांच्या अमलात गावं मालगुजारांच्या नावावर लागली आणि तलावही. म्हणजे तलाव एका माणसाचा. पण त्यातून शेताला पाणी जायचं, गुरं तिथे पाणी प्यायची, बायका धुणं धुवायच्या. पडीक जमिनीवर चराई, जंगलातून सरपण. मालक दुसरा असला तरी गावाला जो वापर करता येतो, तो निस्तार. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, पण निस्तार राहिला. तो कागदावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १६१ व्या कलमात निस्तार पत्रक आहे आणि १६५ व्या कलमात वाजिब-उल-अर्ज, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आणि पाण्यावर गावाची जी वहिवाट आहे तिची नोंद.

आबाजींचा प्रश्न या अनुभवातून आलेला होता. मालक बदलतात हे त्यांनी पाहिलेलं आहे. मालक बदलल्यावर काय विचारायचं असतं, हेही त्यांना माहीत आहे.

*

आता त्या वादाकडे येतो. १४ एप्रिल २०२२ ला मस्कनं ट्विटरला दर शेअरमागे ५४.२० डॉलर देऊ केले. एकूण किंमत सुमारे ४४ अब्ज डॉलर. मग सौदा ठरला, मग त्याला तो नको झाला, मग ट्विटर त्याच्याविरुद्ध डेलावेअरच्या कोर्टात गेलं आणि शेवटी २७ ऑक्टोबरला सौदा पूर्ण झाला. पहिल्याच दिवशी आयआयटी मुंबईतून शिकलेले सीईओ पराग अग्रवाल यांना काढलं गेलं. काही महिन्यांपूर्वी आपल्याकडे त्यांच्या नेमणुकीचे पेढे वाटणारे आता हळहळत होते.

वादात दोन बाजू होत्या. एक म्हणत होती, जगाचा चौक एका अब्जाधीशाच्या खिशात गेला. दुसरी म्हणत होती, मूठभर लोकांनी बळकावलेला चौक आता मोकळा झाला. मस्क स्वतः ट्विटरला चौकच म्हणत होता. मराठी लिहिणाऱ्यांनी या चौकाचं भाषांतर 'चावडी' असं केलं. मला ते भाषांतर मूळ शब्दापेक्षा खरं वाटतं, पण वापरणाऱ्यांच्या मनात होतं त्यापेक्षा वेगळ्या कारणानं. चावडी कधीच सगळ्यांची नव्हती. तिथे पाटील बसायचा, सारा वसूल व्हायचा, आणि गावातल्या काही माणसांनी पायरीखाली उभं राहूनच बोलायचं असायचं. चावडी मस्कनं घेतली म्हणून रडणारे आणि मस्कनं सोडवली म्हणून नाचणारे, दोघंही असं धरून चालले होते की आधी कधीतरी ती सर्वांची होती.

नव्हती. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये भारतातल्या आंबेडकरी लोकांनी निळ्या टिकेवरून ट्विटरला धारेवर धरलं होतं. टिक कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही आणि त्यात जातीचा हात किती, हा प्रश्न तेव्हा कित्येक दिवस ट्रेंडमध्ये होता. त्याच्या एक वर्ष आधी ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सी दिल्लीत ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचं एक पोस्टर हातात धरून उभा राहिला आणि गदारोळ होताच कंपनीनं माफी मागितली. ज्या जुन्या ट्विटरच्या आठवणीनं आज गळे दाटतात ते हेच.

तरीही ती जागा कामाची होती, हेही खरं. आमच्या जिल्ह्यावरूनच सांगतो. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं. महाराष्ट्र खऱ्या अर्थानं पेटून उठला तो नोव्हेंबरमध्ये. मधल्या काळात बातमी पुढे नेली ती सत्यशोधन करायला गेलेल्या कार्यकर्त्यांनी. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला, तेव्हा मी घरून काम करत होतो. गोसेखुर्दचे तेहतीसपैकी किती दरवाजे उघडले, वर मध्य प्रदेशातून किती पाणी सोडलं, हे मी पत्रकारांच्या आणि सरकारी खात्यांच्या ट्विटवरून बघत होतो आणि वडलांना सांगत होतो. ९ जानेवारी २०२१ ला पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. दिवस वर येईपर्यंत देशभर भंडारा हे नाव पोहोचलं होतं. २००६ मध्ये ज्याला आठवडे लागले, त्याला पंधरा वर्षांनी काही तास लागले. ते नाव दुसऱ्या दिवशी कितपत टिकलं, हा वेगळा आणि दुखरा प्रश्न आहे. पण हाक मारायला जागा होती.

म्हणून ती जागा विकली गेली तेव्हा मला वाईट वाटलं. ही जागा मराठीचीही होती. २०१७ मध्ये ट्विटरवरच मराठी भाषेचं संमेलन भरलं होतं आणि त्यात मीही कॉलेजच्या होस्टेलमधून काही ओळी टाकल्या होत्या.

*

पुस्तकांकडून मला जास्त अपेक्षा होती. वॉल्टर आयझॅक्सनचं 'इलॉन मस्क' २०२३ मध्ये आलं. केट काँगर आणि रायन मॅक या न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांचं 'कॅरेक्टर लिमिट' २०२४ मध्ये. पहिलं चरित्र आहे, दुसरं पंचनामा. दोन्ही वाचनीय आहेत आणि दोन्हींत बेसिन हातात घेऊन ऑफिसात शिरणारा मस्क आहे.

आयझॅक्सनच्या पुस्तकातला एक प्रसंग आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं वाचावा. २०२२ च्या नाताळाच्या तोंडावर मस्कला सॅक्रामेंटोमधलं डेटा सेंटर बंद करून सर्व्हर दुसरीकडे हलवायचे असतात. जबाबदार अधिकारी सांगतात, नीट करायला सहा ते नऊ महिने लागतील. मस्क आपल्या चुलतभावांना घेऊन विमान वळवतो, सेंटरमध्ये शिरतो, चाकूनं जमिनीची फळी उचकटतो, आणि काही दिवसांत सर्व्हर ट्रकमध्ये चढू लागतात. पुढे कित्येक आठवडे सिस्टीम डळमळत राहिली आणि घाई चुकली हे मस्कनंही मान्य केलं, ही नोंद आयझॅक्सन करतो. पण प्रसंग लिहिण्याची त्याची पद्धत साहसकथेची आहे. वाचताना आपण नकळत ट्रकमध्ये बसतो.

इंजिनियर म्हणून मला त्या प्रसंगात वेगळंच माणूस शोधावंसं वाटतं: ज्याचा डेटा त्या सर्व्हरवर होता तो. त्याला कोणी विचारलं नाही, आणि पुस्तकही विचारत नाही. काँगर आणि मॅक यांची सहानुभूती काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यांकडे आहे आणि ती योग्य आहे. भारतातल्या दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना तेव्हा घरी पाठवलं गेलं आणि पुढे दिल्ली-मुंबईची ऑफिसं बंद झाली. पण दोन्ही पुस्तकांत नाटक घडतं ते मालक आणि नोकर यांच्यात. वाड्याची कथा आहे ही. मालगुजाराचा राग, दिवाणजीची भीती, नवा मालक आणि जुने कारकून. पाळीपलीकडचं गाव पार्श्वभूमीला आहे.

वाद आणि पुस्तकं मिळून आपल्याला एकच प्रश्न विचारायला शिकवतात: मालक कसा आहे? वेडा की द्रष्टा, उदार की सूडबुद्धीचा? हा प्रश्न चविष्ट आहे, पण त्याच्या उत्तरानं गुरांना पाणी मिळत नाही.

*

मला जवळचं उत्तर मिळालं ते कोडमध्ये. ३१ मार्च २०२३ ला ट्विटरनं आपल्या फीडच्या अल्गोरिदमचा बराचसा भाग गिटहबवर खुला केला. माझ्यासारख्या शेकडो जणांनी त्या रात्री तो उघडून बघितला. हसं झालं ते एका लेबलचं: ट्विटचा लेखक इलॉन आहे का, हे कोडमध्ये वेगळं मोजलं जात होतं. ते फक्त आकडेवारीसाठी आहे असा खुलासा आला आणि ते लवकरच काढून टाकलं गेलं. सगळी चर्चा त्यावरच झाली. पुन्हा मालकच.

बघण्यासारखी गोष्ट दुसरीकडे होती. सोबत एक छोटी यादी प्रसिद्ध झाली होती. तुम्ही एखाद्या ट्विटवर काय कराल याचा मशीन अंदाज बांधतं आणि प्रत्येक शक्यतेला एका आकड्यानं गुणतं. लाइक कराल: ०.५. रीट्विट कराल: १. उत्तर द्याल: १३.५. तुम्ही उत्तर द्याल आणि मूळ लेखक त्याला प्रतिसाद देईल: ७५. तक्रार कराल: उणे ३६९. या बेरजेवर कोणाचं म्हणणं वर जाणार ते ठरतं.

माझ्यासाठी हे या सगळ्या वादातलं सर्वांत महत्त्वाचं लेखन आहे, आणि ते मोजक्या ओळींचं आहे. त्याचा अर्थ साध्या मराठीत असा: मान डोलावण्यापेक्षा तोंड उघडणं सत्तावीस पट मोलाचं. भांडण जुंपलं तर दीडशे पट. उत्तर कौतुकाचं आहे की शिवीगाळीचं, हे त्या ७५ ला कळत नाही. धरणाच्या दरवाज्यांची माहिती देणाऱ्या ट्विटला कोण उत्तर देणार? आणि उणे ३६९ चं काय? टोळी जमवून तक्रारी करणाऱ्यांच्या हातात तो आकडा काय करू शकतो, ते आंबेडकरी किंवा स्त्रीवादी लिहिणाऱ्या कोणालाही विचारा.

हे आकडे मस्कनं स्वतः बसून लिहिले असतील असं मला वाटत नाही. तसे ते माझ्यासारख्या कोणीतरी लिहिलेले असतात. मी एका ॲपच्या फीडवर काम करतो. आम्हीही असे आकडे ठरवतो, बुधवारी बदलतो, शुक्रवारी ग्राफ बघतो. गेल्या चार वर्षांत त्या मीटिंगमध्ये मी हजारदा विचारलंय की याने वापर वाढेल का. वापरणाऱ्याचा यात हक्क काय, हे एकदाही विचारलेलं नाही. मस्कवर मीम टाकणं मला सोपं गेलं, कारण त्यामुळे माझ्याकडे कोणाचं लक्ष जात नव्हतं.

*

म्हणजे निस्ताराचा प्रश्न खरोखर कोणी विचारत नाही का? विचारला जातो, पण कोर्टात, आणि तिथेही विचित्र रीतीनं.

जुलै २०२२ मध्ये, सौदा अधांतरी असताना, ट्विटर भारत सरकारच्या ब्लॉकिंग आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. मस्कनं त्याच सुमारास डेलावेअरमध्ये तक्रार केली की असे दावे करून कंपनी भारताची मोठी बाजारपेठ धोक्यात घालते आहे. ३० जून २०२३ ला न्यायालयानं याचिका फेटाळली आणि ५० लाख रुपये भरायला सांगितले. त्याआधी मस्कनं बीबीसीला सांगितलं होतं की भारतातले नियम कडक आहेत आणि आपल्या लोकांना तुरुंगात पाठवण्यापेक्षा तो कायदा पाळेल. आणि त्याच मस्कची कंपनी मार्च २०२५ मध्ये 'सहयोग' पोर्टलविरुद्ध पुन्हा त्याच न्यायालयात गेली. २४ सप्टेंबर २०२५ ला तीही याचिका फेटाळली गेली.

आता यात मालक चांगला की वाईट ते ठरवून दाखवा. त्याला भारतात दावे नको होते, मग त्यानंच दावा केला. मालकाचा स्वभाव हवामानासारखा असतो, त्याच्या भरवशावर पेरणी होत नाही.

दुसऱ्या निकालातला एक मुद्दा मला जास्त टोचला. संविधानाच्या १९ व्या कलमातलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य नागरिकांना आहे, परदेशी कंपनीला त्यावर दावा सांगता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. कायद्यानं ते बरोबर असेल. पण मग नागरिक कुठे होता? ज्याचं ट्विट झाकलं गेलं, त्याला बहुतेक वेळा आदेश मिळत नाही, कारण मिळत नाही. हक्क त्याचा, दावा कंपनीचा, आदेश सरकारचा. तलावाच्या पाण्यावरून मालगुजार आणि तहसीलदार भांडतायत, आणि गावाला तारीखसुद्धा कळवलेली नाही.

*

निस्ताराचं मी गोडवं गातोय असं वाटू नये. मालगुजारीत वेठ होती आणि कोण कुठल्या घाटावर उतरेल हे जातीवरून ठरायचं. सरकारकडे गेल्यावरही तलाव सुधारले असं नाही. शेकडो तलाव गाळानं भरले, कारण राखणारा कोणी उरला नाही. तळे राखील तो पाणी चाखील, या म्हणीचा आपण एकच अर्थ घेतो, की राखणदार थोडं खाणारच. तिचा दुसरा अर्थ असा की जे चाखतात त्यांच्याकडे राखणंही असावं.

मालकी सार्वजनिक झाली की वापर आपोआप सार्वजनिक होतो, या भ्रमाला तर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं ठराव करून १९२४ मध्येच सर्वांना खुलं केलं होतं. तरी पाणी मिळेना, म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना ओंजळ भरावी लागली. मग दहा वर्षं कोर्टात वाद चालला की तळं कोणाचं, वहिवाट कोणाची. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला, की अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. सातबारा, ठराव आणि ओंजळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्विटरच्या वादानं आपल्याला पहिलीतच अडकवून ठेवलं.

'पटत नसेल तर दुसरीकडे जा,' असं मित्र म्हणतात. मी गेलो होतो. देशी म्हणून 'कू' वर गेलो, तिथे मराठीत लिहिलं. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. देशी मालकही मालकच असतो. मॅस्टोडॉनवर खातं उघडलं, तिथे आमच्या जिल्ह्यातलं कोणी नाही. दुसरी बोडी खोदता येते, पण सगळ्या गावानं एकाच दिवशी तिकडे जावं लागतं.

तरी यातून वाट निघते आणि ती आपण वापरतोय. २०११ पासून देशभर मोबाईल नंबर तसाच ठेवून कंपनी बदलता येते. नंबर कंपनीचा असूनही वागणुकीत तो आपला झाला, कारण तसा नियम लिहिला गेला. फॉलोअर आणि लिहिलेलं सोबत घेऊन जाता यावं, ही मागणी त्यापेक्षा फार वेगळी नाही. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यानुसार मजकूर काढला तर कारण द्यावं लागतं आणि दाद मागता येते. २०२३ मध्ये ट्विटरनं एपीआयला पैसे लावले तेव्हा न्यूयॉर्कच्या रेल्वे-बस प्राधिकरणानं, महिन्याला ५० हजार डॉलरपर्यंत खर्च येईल म्हणून, तिथे सूचना देणं थांबवलं. काही दिवसांत ट्विटरनं सार्वजनिक सेवेच्या खात्यांना ती सोय फुकट दिली आणि प्राधिकरण परत आलं. मस्क तोच होता. समोर मात्र कोणीतरी उभं राहून म्हणालं, आमचा निस्तार आहे.

भारतात त्याच वर्षी निळी टिक फोनवर महिन्याला ९०० रुपयांना मिळू लागली. ज्याच्याकडे पैसे, त्याचं उत्तर वर. आपण ती महाग की स्वस्त यावर मीम केले.

*

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा तलाठ्याकडे जाऊन आमच्या गावचं निस्तार पत्रक बघायला मागितलं. त्याला नवल वाटलं, पण दाखवलं. पिवळी पानं, शाईचं अक्षर. चराई कुठे, सरपण कुठलं, गुरांचं पाणी कुठे, माती कुठून घ्यायची. भाषा रुक्ष, वाक्यं अर्धी. पानं उलटून पाहिली, मालगुजार चांगला होता की वाईट, याबद्दल त्यात एक शब्द नाही.

आबाजींना फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ वाचला. मग म्हणाले, "तुमच्या त्या ट्विटरचा असा कागद आहे का?"

नाही म्हणालो. आता आम्ही त्याला एक्स म्हणतो, हे सांगत बसलो नाही.